पंधरा किलोमीटरच्या तीन शर्यती

क्रॉस-कंट्री स्कीइंग हा क्रीडाप्रकार चित्रपटांतून आणि पर्यटनाच्या जाहिरातींतून भारतीय प्रेक्षकाला परिचित झालेल्या स्कीइंगहून मुळातच वेगळा आहे. जाहिरातीतील स्कीपटू दोरमार्गाने डोंगराच्या माथ्यावर पोहोचतो आणि उतारावरून वेगाने खाली येतो. त्या प्रकाराला आल्पाइन स्कीइंग म्हणतात आणि त्यात बूट पुढे-मागे दोन्हीकडून पट्टीला घट्ट जखडलेला असतो. क्रॉस-कंट्रीत बुटाचा केवळ पुढचा भाग पट्टीला जोडलेला असून टाच मोकळी राहते, पट्ट्या अरुंद व हलक्या असतात, आणि खेळाडूला चढ, सपाटी व उतार ही तिन्ही अंतरे स्वतःच्या पायांच्या, हातांच्या आणि फुप्फुसांच्या बळावर कापावी लागतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या निकषांनुसार शर्यतीच्या मार्गात चढ, उतार आणि लहरती जमीन यांचा वाटा साधारणपणे एक-एक तृतीयांश असावा लागतो. मात्र शर्यतीतील बराचसा वेळ चढावर खर्च होतो, आणि जिंकण्या-हरण्याचा निवाडाही बहुधा तिथेच होतो. त्यामुळे या खेळाचे जवळचे नाते घसरण्याशी नसून लांब पल्ल्याच्या धावण्याशी आहे.

हे नाते ऐतिहासिकही आहे. हे व्याख्यान ज्या बऱ्हाणपुरात होत आहे, ते सुरत-आग्रा या मोगलकालीन महामार्गावरील मोठे ठाणे होते, आणि त्या काळातील राजकीय व व्यापारी व्यवहार टप्प्याटप्प्यावर उभ्या केलेल्या डाकचौक्यांमधून धावणाऱ्या हरकाऱ्यांच्या पायांवर चालत असे; अबुल फजलने मेवातच्या ज्या ‘मेवडा’ धावपटूंची वाखाणणी केली, ते याच व्यवस्थेचे घटक होते. उत्तर युरोपात हेच काम बर्फावर होत असे आणि तिथे हरकाऱ्याच्या पायांना लाकडी पट्ट्या असत. नॉर्वेच्या यादवी युद्धात १२०६ साली बिर्कबायनर पक्षाच्या दोघा सैनिकांनी हाकोन या तान्ह्या राजपुत्राला लिलेहामरच्या परिसरातून डोंगरापलीकडच्या खोऱ्यात स्कीवरून सुरक्षित नेले, अशी नोंद आहे. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ आज जी ५४ किलोमीटरची शर्यत होते, तिच्यातील प्रत्येक स्पर्धकाला राजपुत्राच्या वजनाची खूण म्हणून साडेतीन किलोचे ओझे पाठीवर वागवावे लागते. स्वीडनमधील ९० किलोमीटरची वासालोपेट ही शर्यत १९२२ पासून होते आणि तिचा संबंधही सोळाव्या शतकातील एका भावी राजाच्या पलायनाशी जोडला जातो. तिकडे हरकाऱ्याच्या धावण्याचा खेळ झाला आणि खेळाची परंपरा झाली. इकडे डाकचौक्या गेल्या, तसे हरकारेही गेले, आणि त्यांच्या नावाने एकही शर्यत उरली नाही. या फरकाची कारणे केवळ हवामानात शोधणे अपुरे ठरेल.

पुढील विवेचनासाठी दोन पारिभाषिक गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली शैलीची. पारंपरिक, म्हणजे क्लासिकल शैलीत दोन्ही पट्ट्या बर्फात आखलेल्या समांतर चाकोऱ्यांतून पुढे-मागे सरकतात आणि मागे रेटा देताना पट्टीचा मधला भाग बर्फाला क्षणभर चिकटावा म्हणून तिथे पकडीचे मेण लावतात. मुक्त, म्हणजे फ्रीस्टाइल शैलीत बर्फावरील स्केटिंगप्रमाणे पट्टी तिरकी रेटली जाते. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या बिल कॉक याने ही पद्धत गाजवली आणि ती इतकी वेगवान ठरली की जुनी शैली टिकवण्यासाठी महासंघाला दोन्ही शैलींच्या शर्यती वेगळ्या कराव्या लागल्या. दुसरी गोष्ट प्रारंभाची. वैयक्तिक शर्यतीत सगळे स्पर्धक एकदम निघत नाहीत. तीस-तीस सेकंदांच्या अंतराने एकेकाला सोडले जाते आणि घड्याळ हाच प्रत्येकाचा खरा प्रतिस्पर्धी असतो. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवण्याची सोय या प्रकारात फारशी नसल्यामुळे खेळाडूची कुवत त्यात सर्वाधिक उघडी पडते, आणि म्हणूनच एखादी कारकीर्द तपासायची असेल तर वैयक्तिक शर्यतीचे निकाल हे सर्वांत विश्वासार्ह साधन होय.

पुरुषांच्या १५ किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीचे तीन ऑलिंपिक निकाल येथे विचारासाठी घेतले आहेत: १५ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये व्हिसलर येथे झालेली मुक्त शैलीची शर्यत, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी सोची ऑलिंपिकमध्ये झालेली पारंपरिक शैलीची, आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी प्योंगचांगला झालेली पुन्हा मुक्त शैलीची. या तिन्ही शर्यतींत भारताचा एकेक खेळाडू उतरला होता. २०१० मध्ये ताशी लुंडुप ८३वा आला, २०१४ मध्ये नदीम इक्बाल ८५वा आणि २०१८ मध्ये जगदीश सिंग १०३रा. भारतीय वृत्तपत्रांनी या बातम्या दोन-चार ओळींत उरकल्या आणि ज्यांनी अधिक लिहिले त्यांच्याही लेखनात कौतुक व करुणा यांचे मिश्रणच अधिक होते. एका गोष्टीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष गेले असेल: या तिन्ही शर्यती एकाच माणसाने जिंकल्या. स्वित्झर्लंडच्या दारियो कोलोन्याने. म्हणजे आठ वर्षांच्या या काळात यादीच्या वरच्या टोकाचे नाव कायम राहिले आणि खालच्या टोकाचे भारतीय नाव दर वेळी बदलले. भारतीय स्कीपटूंविषयी जो काही गंभीर विचार करायचा, त्याची सुरुवात ८३, ८५ आणि १०३ या आकड्यांपासून न करता या बदलत्या नावांपासून केली पाहिजे, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

कोलोन्याचा जन्म ११ मार्च १९८६ चा, स्वित्झर्लंडच्या अगदी पूर्वेकडील, इटलीच्या सीमेला लागून असलेल्या व्हाल म्युस्टाइर या खोऱ्यातला. हे खोरे ग्राउब्युंडन प्रांतात येते आणि तिथे रोमान्श ही अल्पसंख्याकांची भाषा बोलली जाते. सीमेवरच्या, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या आणि वेगळ्या बोलीच्या अशा मुलखाचे चित्र बऱ्हाणपूरच्या मराठी भाषकाला अपरिचित वाटू नये. स्वित्झर्लंड बर्फाचा देश असला तरी क्रॉस-कंट्रीत तो सत्ताधारी देश नव्हता. तो मान नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांचा. २०१० मधले कोलोन्याचे सुवर्णपदक हे स्वित्झर्लंडचे या खेळातील पहिले ऑलिंपिक सुवर्ण होते. त्याआधीच, २००९ मध्ये, त्याने हिवाळाभर चालणाऱ्या विश्वचषक मालिकेचे सर्वंकष विजेतेपद मिळवले होते. पुढे २०११, २०१२ आणि २०१५ मध्येही ते त्याच्याकडे आले. नाताळनंतरच्या दिवसांत सलग टप्प्यांत होणारी ‘टूर द स्की’ ही शर्यतमालाही त्याने चार वेळा जिंकली, आणि त्यांपैकी चौथा विजय २०१८ चा, म्हणजे पहिल्या विजयानंतर नऊ वर्षांनी.

या कारकिर्दीत २०१३-१४ चा हंगाम विशेष अभ्यासण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये कोलोन्याच्या घोट्याचे स्नायुबंध दुखावले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ऑलिंपिकला तीन महिने उरले होते आणि स्पर्धात्मक हंगामाचा पहिला निम्मा भाग त्याच्या हातून गेला. जानेवारीच्या अखेरीस तो शर्यतींत परतला आणि फेब्रुवारीत सोचीला त्याने आठवडाभरात दोन सुवर्णपदके मिळवली: एक दोन्ही शैली एकत्र असलेल्या स्कीअॅथलॉनमध्ये आणि दुसरे १५ किलोमीटरमध्ये. याला चमत्कार म्हणणे सोपे आहे. पण सहनशक्तीच्या खेळांचे शरीरशास्त्र वेगळे सांगते. हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे, पेशींतील ऊर्जाकेंद्रे हे सर्व दहा-दहा वर्षांच्या सरावातून घडलेले असते आणि काही आठवड्यांच्या खंडाने त्याचा काही अंश उतरला तरी तो लवकर भरून येतो. पाय प्लास्टरमध्ये असतानाही हातांचा व्यायाम चालू ठेवता येतो, आणि क्रॉस-कंट्रीत काठ्यांच्या रेट्याचे महत्त्व मोठे असल्यामुळे तो वाया जात नाही. मात्र त्यासाठी शल्यचिकित्सक, फिजिओथेरपिस्ट, प्रशिक्षक आणि वेतन देणारी व्यवस्था ही सर्व माणसे व साधने त्या तीन महिन्यांत खेळाडूच्या पाठीशी उभी असावी लागतात. दुखापतीच्या काळात खेळाडूच्या जागी दुसरे नाव लिहून मोकळे होणारी व्यवस्था अशी कारकीर्द घडवू शकत नाही.

आता खालच्या टोकाकडे वळावे. क्रमांक हे मोजमाप म्हणून फसवे असते, कारण ते किती जण उतरले आणि कोण उतरले यावर अवलंबून राहते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघ त्यामुळे वेगळी रीत वापरतो: खेळाडूला लागलेल्या वेळाला विजेत्याच्या वेळाने भागायचे, त्यातून एक वजा करायचा आणि उरलेल्या अपूर्णांकाला, वैयक्तिक शर्यत असेल तर, ८०० ने गुणायचे. विजेत्याचे गुण शून्य. जितके गुण अधिक तितका खेळाडू मागे. शर्यतीतील स्पर्धकांचा एकंदर दर्जा कमी असेल तर प्रत्येकाच्या गुणांत आणखी भर टाकली जाते, जेणेकरून दुबळ्या शर्यतीतला विजय बलाढ्य शर्यतीतल्या विजयाइतका मोलाचा ठरू नये. प्योंगचांगला कोलोन्याचा वेळ ३३ मिनिटे ४३.९ सेकंद होता आणि जगदीश सिंगचा ४३ मिनिटे ०.३ सेकंद. अंतर ९ मिनिटे १६.४ सेकंदांचे, म्हणजे विजेत्याच्या वेळाच्या सुमारे साडेसत्तावीस टक्के, आणि महासंघाच्या भाषेत २२० गुण. तुलनेसाठी सांगायचे तर त्याच शर्यतीत रौप्यपदक मिळवणारा नॉर्वेचा सिमेन हेगस्टाड क्र्युगर १८.३ सेकंदांनी, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी अंतराने मागे होता. सोचीला कोलोन्याला ३८ मिनिटे २९.७ सेकंद लागले आणि नदीम इक्बालला ५५ मिनिटांहून थोडे अधिक. ते अंतर ४३ टक्क्यांच्या आसपास भरते.

२०१४ चे ४३ टक्के आणि २०१८ चे साडेसत्तावीस टक्के यांची थेट तुलना करताना सावधगिरी हवी. पारंपरिक शैलीत पकडीचे मेण चुकले तर अंतर भराभर वाढते, आणि सोचीचा तो दिवस याबाबतीत कुप्रसिद्ध आहे: हवा इतकी उबदार होती की काही खेळाडूंनी पोशाखाच्या बाह्या कापल्या आणि एका नॉर्वेजियन स्कीपटूने तर अर्ध्या चड्डीत शर्यत पूर्ण केली. ओल्या, पुन्हा गोठून भरड झालेल्या बर्फाला साधे मेण धरत नाही. त्यासाठी क्लिस्टर नावाचा चिकट लेप लागतो आणि तो किती, कुठे व कोणत्या थरांत लावायचा हे पहाटे मार्गावर अनेक जोड्या तपासून ठरवावे लागते. बलाढ्य देशांचे संघ यासाठी तंत्रज्ञांचा ताफा, शेकडो पट्ट्या आणि मेण लावण्याची फिरती कार्यशाळाच घेऊन येतात. एकट्यादुकट्या खेळाडूला हे बळ कुठून मिळणार? तरीही या सर्व सवलती वजा करूनही चार वर्षांतला फरक पुरता पुसला जात नाही. जगदीश सिंगच्या मागे तेरा स्पर्धकांनी ती शर्यत पूर्ण केली, ही नोंद १०३ या आकड्याखाली दडून राहिली.

ऑलिंपिकच्या तळाशी असणाऱ्या खेळाडूंविषयी एक विशिष्ट प्रकारचे गोड लेखन जगभर होते. त्याचा मूळ नमुना १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधला. केनियाचा धावपटू फिलिप बॉइट दोनच वर्षांपूर्वी स्की शिकलेला होता आणि १० किलोमीटरच्या पारंपरिक शैलीच्या शर्यतीत तो शेवटचा, ९२वा आला; नॉर्वेचा विजेता ब्योर्न डेली त्याच्यासाठी वीस मिनिटे अंतिम रेषेपाशी थांबला आणि त्याने त्याला मिठी मारली. डेलीचा वेळ २७ मिनिटे २४.५ सेकंद आणि बॉइटचा ४७ मिनिटे २५.५ सेकंद, फरक ७३ टक्क्यांचा. मिठीचे छायाचित्र अजरामर झाले, आणि बॉइटने आपल्या मुलाचे नावही डेली ठेवले. पण या गोष्टीचा अधिक महत्त्वाचा भाग छायाचित्रात मावत नाही: बॉइट २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला आणि २००६ मध्ये तोरिनोलाही उतरला. ज्या देशात स्कीइंगजोगे बर्फच पडत नाही अशा देशाचा हा माणूस आठ वर्षे आणि तीन ऑलिंपिक या खेळात टिकून राहिला. त्याला कारकीर्द होती. सोचीतही हाच प्रसंग वेगळ्या पात्रांनिशी घडला. नदीम इक्बालनंतर नेपाळचा दाचिरी शेर्पा आला, आणि सर्वांत शेवटी, बरगडीला दुखापत झालेली असतानाही शर्यत पूर्ण करणारा पेरूचा रॉबेर्तो कार्सेलेन. त्याच्या स्वागताला अंतिम रेषेवर स्वतः कोलोन्या उभा होता. पराभूताचा गौरव ही चांगलीच गोष्ट आहे, मात्र त्या गौरवात पुढच्या वेळी तो अंतर किती कमी करील, हा प्रश्न बुडून जातो. महासंघाने मात्र तो प्रश्न विसरू दिला नाही. प्योंगचांगच्या पात्रतेसाठी लांब पल्ल्याच्या शर्यतींतील सर्वोत्तम पाच निकालांची सरासरी ३०० गुणांच्या आत असणे ही किमान अट होती. बॉइटची नागानोतली शर्यत या सूत्रात बसवली तर ती ५८४ गुणांची भरते.

मराठी मुलखाच्या एका काठावर बऱ्हाणपूर आहे, तसे दुसऱ्या काठावर बेळगाव. आणि टक्क्यांचे हेच माप लावून पाहण्याजोगा एक जुना मराठी दाखला तिथला आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडूंचा जो लहानसा चमू गेला, त्याच्या मागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे क्रीडासामने आणि सर दोराबजी टाटा यांचा पुढाकार होता. त्या चमूतील बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९वा आला. विजेता फिनलंडचा हान्नेस कोलेहमायनेन, वेळ २ तास ३२ मिनिटे ३६ सेकंद. अंतर जेमतेम १२ टक्के. खेळ वेगळा, काळ वेगळा, म्हणून हे आकडे स्कीच्या आकड्यांशेजारी ठेवून गुणानुक्रम लावणे चुकीचे होईल. परंतु ज्या माणसाने पहिल्याच ऑलिंपिकमध्ये जगातल्या सर्वोत्तम लांब पल्ल्याच्या धावपटूला बारा टक्क्यांपर्यंत गाठले, त्याला दुसरे ऑलिंपिक मिळाले नाही, ही गोष्ट मात्र शेजारी ठेवण्याजोगी आहे. कोलेहमायनेनने १९१२ मध्ये स्टॉकहोमला तीन सुवर्णपदके मिळवली होती आणि महायुद्धानंतर, आठ वर्षांनी, तो पुन्हा जिंकत होता.

भारतात बर्फ आहे. ते चुकीच्या उंचीवर आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या क्रॉस-कंट्री स्पर्धांच्या मार्गाचा सर्वोच्च बिंदू समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरच्या वर नसावा, कारण त्यापुढे विरळ हवेमुळे शर्यतीचे स्वरूपच पालटते. गुलमर्ग २,६०० मीटरच्या वर आहे, उत्तराखंडातील औलीचे उतार त्याहूनही उंच. उंचीवर राहिल्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात हे खरे असले, तरी तिथे जोरकस सराव तितक्या वेगाने करता येत नाही. म्हणून युरोपातील खेळाडू उंचीवर राहतात आणि कठीण सरावासाठी खाली उतरतात. हिमालयात खाली उतरले की बर्फ संपते. परिणामी भारतीय स्कीपटूला महासंघाचे गुण मिळवायचे तर परदेशातच शर्यती शोधाव्या लागतात, आणि प्रवास, निवास, व्हिसा यांचा खर्च हीच पात्रतेची खरी चाळणी ठरते. २०११ च्या जानेवारीत पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा देहरादून व औली येथे झाल्या. परंतु त्यांतून दरवर्षीचे स्पर्धांचे वेळापत्रक उभे राहिले नाही.

या परिस्थितीत भारतीय क्रॉस-कंट्रीचा कणा राहिला तो सैन्याचा. गुलमर्ग येथील हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, अर्थात अतिउंचीवरील युद्धाचे प्रशिक्षण देणारी संस्था, १९४८ मध्ये एका सैन्य डिव्हिजनची स्की-शाळा म्हणून सुरू झाली. काश्मीरच्या युद्धाच्या अनुभवातून ती जन्मली आणि बर्फावर हालचाल करू शकणारे सैनिक घडवणे हा तिचा हेतू होता. खेळाडू हे तिचे उपफळ. नदीम इक्बाल आणि जगदीश सिंग हे दोघेही सैन्यातील. सैनिकाला वेतन, आहार, शिस्त आणि बर्फाचा सहवास मिळतो, जे नागरी खेळाडूला दुर्मिळ असते. पण सैनिकाची बढती, बदली आणि नेमणूक ठरते ती सैन्याच्या गरजेने, आणि ती तशीच ठरली पाहिजे. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की गणवेशातील खेळाडूला दीर्घ क्रीडाकारकीर्द मिळणे शक्यच नाही, तर इटलीचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. उत्तर युरोप आणि सोव्हिएत संघ यांच्याबाहेरच्या खेळाडूने पुरुषांच्या क्रॉस-कंट्रीत पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले ते १९६८ मध्ये ग्रेनोबलला, ३० किलोमीटरमध्ये. तो फ्रांको नोनेस इटलीच्या सीमाशुल्क व वित्त पोलिस दलात होता. इटलीत आजही सैन्य, काराबिन्येरी आणि वित्त पोलिस यांची स्वतंत्र क्रीडापथके आहेत आणि तिथल्या कर्मचाऱ्याची नेमणूकच खेळासाठी झालेली असते: सराव हेच त्याचे कर्तव्य, आणि स्पर्धा सोडल्यावर दलातील नोकरी कायम. गणवेश दोन्हीकडे सारखाच आहे. नेमणुकीच्या आदेशातील मजकूर निराळा आहे.

ही सातत्याची बाब भारतात अगदीच नसते असे नाही, आणि ती कुठे दिसली हे नोंदवणे न्याय्य होईल. प्योंगचांगच्या आधी जगदीश सिंगला प्रशिक्षण देणारा माणूस होता नदीम इक्बाल, म्हणजे सोचीचा ८५वा. मेण चुकले की काय होते, ओल्या बर्फावर पाय कसा सुटतो, आणि प्रारंभरेषेवर उभे राहिल्यावर नाडी किती चढते, हे ज्याने अनुभवले होते त्याच्या हाताखाली पुढचा खेळाडू घडला. नावे बदलली तरी ज्ञान एका पायरीने पुढे गेले. साडेसत्तावीस टक्क्यांच्या आकड्यात याचा किती वाटा, हे मोजता येणार नाही, पण तो नव्हता असे म्हणणे कठीण आहे. आणि नेमक्या याच दुव्यावरून स्पर्धेच्या तोंडावर वाद झाला: संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून कोणाला पाठवायचे याबाबत सैन्य आणि क्रीडासंघटना यांचे मतभेद वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले आणि खेळाडूच्या सहभागाविषयीच काही काळ शंका निर्माण झाली. अखेर जगदीश सिंग धावला. चार वर्षांनी बीजिंगला भारताचा एकच खेळाडू होता, आल्पाइन स्कीइंगचा आरिफ खान. क्रॉस-कंट्रीत कोणीच नव्हते.

भारतीय हिवाळी खेळांत दीर्घ कारकिर्दीचे एक लखलखीत उदाहरण आहे आणि ते कोणत्याही व्यवस्थेने घडवलेले नाही. शिवा केशवन याने ल्यूज या प्रकारात, म्हणजे पाठीवर झोपून घसरगाडीने बर्फाच्या नळीसारख्या मार्गावरून उतरण्याच्या शर्यतीत, १९९८ पासून २०१८ पर्यंत सलग सहा ऑलिंपिक खेळली. गाडीला चाके लावून त्याने हिमाचलच्या डांबरी घाटरस्त्यांवर, ट्रक आणि शेळ्यामेंढ्यांच्या मधून, सराव केला. सोचीला तर भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्यामुळे तो राष्ट्रध्वजाविना उतरला. निलंबन ११ फेब्रुवारी २०१४ रोजी उठले, त्याची शर्यत त्याआधीच होऊन गेली होती, आणि तीन दिवसांनी नदीम इक्बाल भारतीय म्हणून धावला. केशवनची चिकाटी वादातीत आहे. पण अशा माणसाच्या दाखल्याने व्यवस्थेला सुटका मिळू नये. एक माणूस स्वतःच्या जिद्दीवर वीस वर्षे काढतो याचा अर्थ इतरांनीही तसेच काढावे असा होत नाही.

चाके लावण्याची युक्ती क्रॉस-कंट्रीला तर मुळीच परकी नाही. रोलर-स्की म्हणजे दोन टोकांना चाके असलेली आखूड पट्टी. तिच्यावर नेहमीचा स्कीचा बूट बसतो आणि हातात त्याच काठ्या असतात, फक्त टोके डांबरासाठी कठीण धातूची. नॉर्वेचे आणि स्वित्झर्लंडचे खेळाडू उन्हाळाभर हाच सराव करतात, आणि कारकिर्दीतील प्रशिक्षणाचा मोठा भाग बर्फावर होतच नाही. रोलर-स्कीच्या अधिकृत शर्यतींतील गुणही महासंघ धरत असे, आणि तोंगासारख्या उष्ण कटिबंधातील बेटावरचा पिटा टाउफाटोफुआ याच मार्गाने प्योंगचांगपर्यंत आला. तिथे तो ११४वा, म्हणजे जगदीश सिंगच्या अकरा क्रमांक मागे राहिला. बऱ्हाणपुराहून असीरगडाकडे जाणाऱ्या सातपुड्याच्या चढाला या दृष्टीने कोणतीही उणीव नाही. मे महिन्यात इथला पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि डांबर मऊ पडते, तेव्हा सूर्योदयापूर्वीची वेळ साधावी लागेल, इतकेच. रस्त्यावरील वाहतूक हा उष्म्यापेक्षा मोठा धोका ठरावा.

बर्फ नसलेल्या मुलखातून या खेळात येणे ही भारतातही आता कल्पना राहिलेली नाही. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात, कॉफीच्या मळ्यांच्या पावसाळी प्रदेशात वाढलेली भवानी थेक्कडा नंजुंडा गिर्यारोहणाकडून क्रॉस-कंट्रीकडे वळली, राष्ट्रीय हिवाळी स्पर्धांत तिने पदके मिळवली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात चिलीतील ५ किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत कांस्यपदक जिंकले. ती शर्यत ऑलिंपिकच्या तोडीची नव्हती आणि महासंघाच्या सूत्राने तिच्या निकालात भरही पडणार. परंतु भारतीय खेळाडूने उन्हाळ्यातही बर्फाचा पाठलाग करीत दुसऱ्या गोलार्धात जाऊन गुण मिळवणे, हे कारकिर्दीचे लक्षण आहे, हजेरीचे नव्हे. दरम्यान खेळाचेही रूप पालटले आहे. २०२२-२३ च्या हंगामापासून महासंघाने स्त्रिया व पुरुष यांची अंतरे समान केली, आणि पुरुषांच्या वैयक्तिक शर्यतीचे ऑलिंपिक अंतर १५ ऐवजी १० किलोमीटर झाले. कोलोन्या २०२२ मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी बीजिंगला जुन्या अंतराची शेवटची वैयक्तिक शर्यत फिनलंडच्या ईव्हो निस्कानेनने जिंकली. यापुढील भारतीय स्कीपटूचा वेळ दहा किलोमीटरवर मोजला जाईल, सूत्र मात्र तेच राहील, आणि ते क्रमांकाऐवजी टक्क्यांत वाचण्याची सवय वृत्तपत्रांनी लावून घेतली, तर निवड समितीपुढे एकाच खेळाडूचे लागोपाठ चार हंगामांचे आकडे मांडता येतील. आजवर अशी चार आकड्यांची रांग मांडण्याची वेळच फारशी आलेली नाही.